लिंकखालची रेघ

शिरूरला मार्केट यार्डाच्या अलीकडे, बियाण्यांच्या एका दुकानावर माझी खोली आहे. खाली कांद्याच्या बियाण्याची खोकी उतरत असतात आणि वर मी पुस्तकांची पानं लावत असते. लोक त्याला टायपिंग म्हणतात, कुणी डीटीपी म्हणतं, एक प्राध्यापक अजून ‘जुळणी’ म्हणतात आणि मला तो शब्द आवडतो. बहुतेक काम कॉलेजच्या शिक्षकांचं असतं: प्रबंध, गणिताची पुस्तकं, प्रयोगवह्या. मी ते लेटेकमध्ये करते. यात माउसनं ओढूनताणून पान बसवत नाहीत. साध्या मजकुरात आज्ञा लिहायच्या, एक बटण दाबायचं, की पान तयार होऊन बाहेर येतं. पुण्यात शिकत असताना मी हे शिकले आणि लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा सोबत आणलेल्या सगळ्या सामानात तेच सर्वांत टिकलं. हे काम मला चांगलं येतं. त्याबद्दल उगाच कमीपणा घ्यायची सवय मी लावून घेतलेली नाही.

एका सकाळी एक निवृत्त मुख्याध्यापक जिना चढून आले. इथल्या जुन्या मिशनच्या चर्चमधले. वय पंचाहत्तरीच्या आसपास, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. सगळं गाव त्यांना ‘सर’ म्हणतं, म्हणून मीही सरच म्हटलं. त्यांनी पिशवीतून हातानं लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा काढला आणि त्यावर एक पेनड्राइव्ह ठेवला.

“आमच्या मंडळीची जुनी भजनं आहेत,” ते म्हणाले. “शब्द पुस्तकात आहेत, पण चाली कुठंच लिहिलेल्या नाहीत. त्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आहेत. माणूस गेला की चाल गेली.”

तीन वर्षं ते फोन घेऊन शिरूर, दौंड, भांडगाव, कासुर्डी असे हिंडले होते आणि सत्तरेक भजनं त्यांनी माणसांकडून गाऊन घेतली होती. त्यांच्या भाच्यानं ती सगळी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर चढवून दिली होती. आता त्यांना पुस्तक हवं होतं: वर भजनाचे शब्द, खाली गाणाऱ्याचं नाव आणि त्याखाली लिंक. बोट ठेवलं की चाल ऐकू यायला हवी. चर्चच्या कपाटासाठी थोड्या छापील प्रती, बाकी सगळ्यांना फोनवर पीडीएफ.

“वाचणारे सगळे साठीच्या पुढचे,” सर म्हणाले. “लिंक दिसली पाहिजे, पण भजनाला धक्का लागता कामा नये. एवढंच बघा ताई.”

“दोन दिवसांचं काम आहे सर,” मी म्हणाले.

शब्द बसवायला आठवडा गेला. लिंका मात्र अर्ध्या दिवसात झाल्या. लेटेकमध्ये त्यासाठी एक तयार पॅकेज असतं. ते जोडलं की पुस्तकातला प्रत्येक पत्ता जिवंत होतो, अनुक्रमणिकेतली ओळसुद्धा. मी पहिला खर्डा सरांना पाठवला आणि एका प्रबंधाच्या मागे लागले.

दोन दिवसांनी सर आले. चेहरा उतरलेला. हातात वही, वहीत बारीक अक्षरात टिपणं.

“ताई, मला तर एकही चूक सापडली नाही,” ते म्हणाले.

“कसली चूक?”

“तुम्ही लाल चौकटी केल्यात त्या. अनुक्रमणिकेत प्रत्येक ओळीला लाल चौकट आहे. मी एकेक शब्द पुस्तकाशी ताडून पाहिला. काना-मात्रा पाहिली. चाळीस वर्षं शिकवलं मी. लाल चौकट म्हणजे चूक, एवढं मला कळतं. मग झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कागद काढून आणला, तर कागदावर चौकटी नाहीत. मला वाटलं, माझ्या डोळ्यांतच काहीतरी आहे.”

मला हसू आवरेना, आणि लाजही वाटली. त्या पॅकेजची ती मूळची खोड आहे. कुणी काही सांगितलं नाही तर ते प्रत्येक लिंकभोवती रंगीत चौकट घालतं: आतल्या लिंकला लाल, बाहेरच्या पत्त्याला आकाशी. चौकटी फक्त पडद्यावर दिसतात, छापल्या जात नाहीत. गणिताच्या प्राध्यापकांना त्याची इतकी सवय असते की ते तिकडे बघतही नाहीत. ज्यानं आयुष्यभर लाल पेन हातात धरलं त्या माणसाला काय वाटेल, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. त्यांचे दोन दिवस मी वाया घालवले होते. मी चहा सांगितला आणि त्यांच्यासमोरच चौकटी काढून टाकल्या. एका शब्दाची आज्ञा आहे ती.

चौकट गेली की अक्षरालाच रंग द्यावा लागतो, नाहीतर लिंक आहे हे कळणार कसं? आधी निळा दिला. पॅकेजचा तयार निळा फार भडक असतो. सर म्हणाले, “हा ट्रॅक्टरच्या शोरूमचा वाटतो.” मग तांबडा दिला.

“काही शुभवर्तमानांत प्रभूचे शब्द तांबड्या अक्षरांत छापतात,” ते म्हणाले. “आमची म्हातारी माणसं तांबडं अक्षर दिसलं की थांबून वाचतात. तिथं इंटरनेटचा पत्ता बरा नाही दिसणार.”

हे मला माहीत नव्हतं, पण पटलं. मग मी मरून रंग केला. गडद, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा, सुकलेल्या मिरचीच्या टोकाचा असतो तसा. पत्त्यांची ती टाइपरायटरसारखी अक्षरं काढून तिथं पुस्तकाचंच अक्षर आणलं. लांबलचक पत्ते समास ओलांडून पानाबाहेर डोकावत होते, ते झाकले आणि त्यांच्या जागी एक ओळ ठेवली: ‘अमक्या आजींच्या सुरात ऐका.’ छपाईसाठी वेगळी सोय केली. फाइलच्या वरच एक कळ ठेवली. ती फिरवली की रंग जाऊन पानाच्या तळाशी आखूड पत्ता छापला जाणार. एकाच फाइलमधून दोन पुस्तकं.

सरांना मरून आवडला. माझ्या नवऱ्याला आवडला, खालच्या दुकानदाराला आवडला, ज्या पाचसहा जणांना दाखवलं त्या सगळ्यांना आवडला. पान शांत दिसत होतं. मला वाटलं, काम झालं.

त्या रविवारी मी दौंडला माहेरी गेले. न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून दौंड, एसटीनं हा माझा ठरलेला रस्ता. स्टेशनमागच्या गल्लीत आई-आप्पांचं दोन खोल्यांचं घर आहे. आप्पा रेल्वेतून निवृत्त झाले. लोकोशेडच्या, म्हणजे इंजिनांच्या शेडच्या, स्टोअरमध्ये होते. हजारो सुटे भाग, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची जागा. अजूनही कुणी विचारलं तर कुठल्या फळीवर काय होतं ते सांगतील.

जेवणं झाल्यावर मी त्यांच्या हातात फोन दिला. “आप्पा, माझं नवं काम बघा. यातली लिंक दाबा, भजन लागतं.”

“कुठाय लिंक?”

“ती काय, मरून अक्षरं.”

त्यांनी भजनाच्या नावावर बोट दाबलं. काही झालं नाही. मग गाणाऱ्या बाईंच्या नावावर दाबलं. मग पान वर सरकवलं, खाली सरकवलं आणि फोन माझ्याकडे परत दिला.

“तुझा फोन अडकतोय,” ते म्हणाले.

फोन अडकत नव्हता. मी बोट ठेवलं आणि कासुर्डीच्या एका आजीबाईंचा आवाज खोलीत घुमला. आप्पा पंख्याकडे बघत बसले.

मला वाटलं, मोतीबिंदू. या वयात असतोच. मी म्हणाले, “पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते सोबत.”

“डोळ्याला काय झालं न्हाई माझ्या.”

“मग हे वाचा.” मी पानाच्या तळाची अगदी बारीक ओळ दाखवली. त्यांनी चष्मा न लावता ती घडाघडा वाचली. एक अक्षर चुकलं नाही. मला काही समजेना.

आई दारात गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “सांगा की आता तिला. ती काय लहान हाय व्हय?”

आप्पांनी फोन पुन्हा हातात घेतला आणि मीच चुकले आहे अशा सुरात म्हणाले, “ह्यात मरून कुठलंच न्हाई. समदी अक्षरं काळीच हायती.”

“काळी?” मी म्हणाले.

“मला तांबडं न् काळं सारखंच दिसतं,” ते म्हणाले. “हिरवं न् तपकिरी बी. पहिल्यापासनं. मेडिकलला नापास झालो म्हणून ड्रायव्हर न्हाई झालो.”

आमच्या घरात ही गोष्ट वेगळी होती. आप्पा शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले, इंजिनावर जाणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं, पण मी तेव्हा नुकतीच जन्मलेली, अशक्त, आई एकटी. म्हणून त्यांनी रात्री-बेरात्रीची गाडीची नोकरी नाकारली आणि स्टोअर मागून घेतलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटायची. सातवीत ‘माझे वडील’ या निबंधात मी ती लिहिली होती. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. माझ्यासाठी एका माणसानं इंजिन सोडलं, या गोष्टीवर मी मोठी झाले होते.

मला राग आला का? नाही आला, असं म्हणता येणार नाही. थोडा आला, आणि तोही कुणावर हे कळेना. पण त्याहून जास्त वाटलं ते निराळंच. लहानपणी आप्पा बाजारातून हिरवे टोमॅटो आणायचे आणि आई काही न बोलता ते तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवायची. दिवाळीला माझ्या फ्रॉकचा रंग ते कधी निवडत नसत. “तुझ्या आईला कळतंय त्यातलं,” म्हणायचे. ते सगळं माझ्यासमोर होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. आणि इकडे मी एक रंग निवडला होता, पाचसहा जणांना दाखवला होता, आणि तो सगळ्यांना दिसतो अशी मला खात्री होती.

त्या दिवशी तो विषय तिथंच थांबला. आईनं चहा टाकला. आप्पा फिरायला गेले.

मी मुक्काम केला. सकाळी मी लॅपटॉप उघडून बसले होते तेव्हा आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले.

“दाखव परत,” ते म्हणाले.

आम्ही दोन तास बसलो. मी रंग बदलायचे, पान बनवायचे, ते बघायचे. मरून दिसत नव्हता. गडद हिरवा दिसत नव्हता. तपकिरी नाहीच. निळा मात्र त्यांना स्वच्छ दिसत होता. मी भडकपणा कमी करत करत शाईच्या निळ्यापर्यंत आणला, तरी त्यांनी बरोबर बोट ठेवलं.

“मग निळाच करते,” मी म्हणाले. “प्रश्न मिटला.”

“कसा मिटला?” आप्पा म्हणाले. “मला निळा दिसतोय म्हणून तू निळा टाकशील. उद्या निळा न दिसणारा कुणी आला म्हंजी?”

“तसे फार थोडे असतात.”

“आमच्या शेडमधी मी एकटाच व्हतो. फार थोडेच.”

ते पुढं म्हणाले, “गाडी थांबवायचीय आन् लाल झेंडी घावली न्हाई, तर माणूस काय करतो? दोन्ही हात वर करून उभा ऱ्हातो. हाताला काय रंग असतो का? जुन्या सिग्नलला पाटी व्हती, आडवी म्हंजी थांब, तिरकी म्हंजी जा. रंग व्हता, पर नुसत्या रंगावर काम टाकलं नव्हतं. तू खूण कर. आन् मग वर रंग दे, पायजे तेवढा.”

त्यांच्या स्टोअरमध्येही तसंच होतं, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. भागांना रंगाचे पट्टे मारलेले असायचे. यांनी प्रत्येक पट्ट्याशेजारी आपल्या हातानं खडूनं आकडा घातला होता. साहेबाला वाटायचं, केवढा शिस्तीचा माणूस आहे. पुढं सगळ्या स्टोअरनं तीच पद्धत उचलली.

शिरूरला परतल्यावर मी लिंकखाली रेघ मारायला घेतली. अक्षर शाईचं निळं आणि खाली काळी बारीक रेघ. इंग्रजीत हे काम पाच मिनिटांचं आहे. मराठीत मारली आणि पान उघडलं, तर ‘सुरात’ मधला उकार रेघेनं कापून टाकला होता. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर आधीच एक रेघ असते आणि पायाशी उकार, ऋकार, जोडाक्षरं लोंबत असतात. तिथंच दुसरी रेघ आली की दोन्ही एकमेकांवर चढतात.

सर बघायला आले आणि त्यांनी चष्मा वर केला. “हे ‘सरात ऐका’ झालंय ताई. लोक म्हणतील, हे सगळं मीच गायलोय.”

“आज दुरुस्त करते.”

“पण मुळात रेघ कशाला? मरून चांगला होता.”

आप्पांना विचारल्याशिवाय मी त्यांचं नाव सांगणार नव्हते. मी म्हणाले, “एका माणसाला तो रंग दिसत नाही, सर. काळ्यात मिसळून जातो. पुरुषांमध्ये हे बरंच आढळतं. तुमच्या मंडळीतही कुणी असेल, आणि तो बोलणार नाही.”

सर खिडकीतून खाली बघत उभे राहिले. खाली कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं आणि दुकानदार त्याला हाका मारून सांगत होता. ते वळले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

“चौथीच्या वर्गात माझा एक विद्यार्थी होता,” ते म्हणाले. “झाडाची पानं तपकिरी रंगवायचा आणि खोड हिरवं. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला वाटलं, टिंगल करतोय. पट्टी मारली हातावर. सगळ्या वर्गासमोर. नंतर त्यानं चित्र काढायचंच सोडलं.” मग म्हणाले, “तो शेजारच्या खेड्यातला. आता त्याला नातवंडं असतील.”

मी त्यांना पाणी दिलं.

“ठेवा रेघ,” ते म्हणाले. “फक्त उकार वाचवा.”

उकार वाचवायला मला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस मला फार आवडले. आधी मी जिथं उकार येईल तिथं रेघ तोडून पाहिली. ती उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायला लागली. मग रेघ पुष्कळ खाली नेली. ती खालच्या ओळीची वाटायला लागली. शेवटी मी एक यादी केली: आपल्या पुस्तकातल्या लिंकांमध्ये सर्वांत खोल जाणारं अक्षर कोणतं? अनुक्रमणिकेत एका भजनाच्या नावात ‘हृदय’ होतं, एका गावाच्या नावात ‘ठ्ठ’. त्या दोघांच्या पायाखाली केसभर जागा सोडून रेघ ठेवली, ती जितकी बारीक करता येईल तितकी केली, आणि फक्त त्या ओळीखाली थोडी मोकळी जागा वाढवली. पान पुन्हा शांत झालं, आता खुणेसकट. मी ते दौंडला आप्पांना पाठवलं. पाच मिनिटांत फोन आला. ते काही बोलण्याआधीच मागून भजन ऐकू येत होतं.

“चाललं,” आप्पा म्हणाले.

पुस्तक तयार झालं. त्याचा छोटा कार्यक्रम सरांनी रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात ठेवला. मी आप्पांना बोलावलं. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण पहिल्या एसटीनं आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आवारात खुर्च्या मांडल्या होत्या, पाळकांनी प्रार्थना केली आणि सरांनी छापील प्रत सगळ्यांना वर धरून दाखवली. मग तरुण मुलींनी प्रत्येकाच्या फोनवर पीडीएफ पाठवली.

नंतर काही वेळ नुसता गोंधळ होता. पंचवीस-तीस फोन, प्रत्येकात निराळं भजन, कुणाचं आधी सुरू झालेलं, कुणाचं मागून. भांडगावच्या एक आजी स्वतःचाच आवाज ऐकत बसल्या होत्या आणि मधेच म्हणाल्या, “इथं माझा दम लागलाय बघा.” कुणालाही ‘कुठं दाबू’ असं विचारावं लागलं नाही. मी मुद्दाम मागं उभी राहून तेवढंच पाहत होते. एकेक बोट थेट रेघेवर जात होतं.

सर आप्पांजवळ आले. “सलाम,” ते मंडळीतल्या रीतीप्रमाणे म्हणाले. “तुमच्या मुलीनं फार चिकाटीनं काम केलं. ती रेघ आम्हाला सुचली नसती.”

“ती मीच सांगितली,” आप्पा म्हणाले. “ज्याला रंग दिसत न्हाई त्यो माणूस मीच हाय.”

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. एवढी वर्षं आईशिवाय कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी एका अनोळखी माणसाला, चर्चच्या आवारात, चहाचा कप हातात धरून सांगितली. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दोघं नंतर कितीतरी वेळ कडेच्या खुर्च्यांवर बसून बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

दुपारी मी त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेले. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी विचारलं, “आप्पा, मेडिकलच्या दिवशी काय झालं होतं?”

“काय व्हायचंय,” ते म्हणाले, पण मग सांगायला लागले. “डॉक्टरकडं एक पुस्तक असतं. ठिपक्याठिपक्यांचं. ठिपक्यांत आकडा दडलेला असतो. मला ठाऊक व्हतं, मला त्यो दिसणार न्हाई. म्हणून मी दाराशी उभा राहून म्होरल्या पोरांचे आकडे ऐकले. पाठ केले. बारा, आठ, एकोणतीस, असे. माझी पाळी आली. डॉक्टरनं पुस्तक मधनंच उघडलं. मी म्हणालो, बारा.”

“मग?”

“तिथं आकडाच नव्हता. काही पानं तशीच असतात, खोटं बोलणाऱ्यासाठी.” ते हसले. “डॉक्टर चांगला व्हता. रागावला न्हाई. म्हणाला, पोरा, तू गाडी चालवलीस तर माणसं मरतील. तुला चालंल का? मी म्हणालो, न्हाई साहेब.”

त्या दिवशी ते शेडवर परत गेले नाहीत. नदीकडेला बसून राहिले, अंधार पडायच्या आत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. आईच्या मांडीवर मी होते.

“आन् पोरीसाठी सोडली म्हणून सांगा, असं तुझी आई म्हणाली,” आप्पा म्हणाले. “मला न्हाई सुचलं ते. तिनंच बनवलं. शेजारीपाजारी तिनंच सांगितलं. मी नुसता व्हय म्हणत गेलो.”

मी त्यांना म्हणाले, की मी ते निबंधात लिहिलं होतं.

“ठाऊक हाय. तुझ्या बाईंनी बोलावून कौतुक केलं व्हतं. लई वाईट वाटलं तवा.” मग म्हणाले, “तू आजारी व्हतीस, त्ये खरं हाय. यादीत नाव आलं, त्ये बी खरं.”

गाडी लागली. मी त्यांची पिशवी आत ठेवली आणि त्यांना खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर अजून खाली कुणाशी तरी बोलत उभा होता. आप्पांनी खिडकीतून विचारलं, “आता काय काम हातात हाय?”

“फूलशेतीचं पुस्तक. एका शेतकरी गटाचं. शेवंती, गुलाब, रोगांचे फोटो, सगळे तक्ते रंगीत. ते गडी म्हणतात, रोगट पान लाल दाखवा आणि चांगलं हिरवं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हणाले, रंग देईन, पण सोबत खूण असेल. ते म्हणाले, गरज नाही. मी म्हणाले, मग दुसरीकडे करून घ्या.”

“मग?”

“मंगळवारी फोटो पाठवतायत.”

आप्पांनी मान हलवली. “झालं की मला धाड,” ते म्हणाले. “शेवंती लई बारीक असती. तिथं चुकशील.”

कंडक्टर चढला, त्यानं दोरी ओढली आणि गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली.